सावल्या बंद

लॅपटॉप तेजश्रीचा. डिप्लोमासाठी घेतलेला,
शाहूपुरीतून, बारा हप्त्यांवर.
दुकानदार म्हणाला होता, गेम सोडून सगळं चालतंय यावर.
ती नऊला झोपते. मग तो माझा.

खाली जेवणाचं ताट पालथं घालतो,
वर लॅपटॉप, बाजूला टेबलफॅन.
स्टील गार असतं तेवढी वीस मिनिटं बरी जातात.
मग आतला पंखा असा ओरडतो
की आई झोपेतच विचारते, गिरण लावलीस काय रे?

ग्राफिक्सला वेगळी खोली नाही यात.
ते प्रोसेसरच्याच घरात राहतं,
त्याच्याच ताटातलं खातं,
आठातली दोन जीबी मुकाट उचलतं.
आम्हाला नवीन नाही हे.
काका लग्नानंतर सहा वर्षं आमच्या माळ्यावर होते.

काय काय बंद करायचं ते इर्शाद मुजावरनं शिकवलं.
सावल्या बंद.
गवत बंद.
पाण्यातलं प्रतिबिंब बंद, धुकं बंद,
लांबचे डोंगर अर्धे.
रिझोल्यूशन सातशे वीस, नाहीच जमलं तर त्याच्याही खाली.
'भावा, घोडा दिसला म्हणजे झालं,
आयाळीचे केस मोजायचेत काय तुला?'

सत्तावीस फ्रेम. कधी तीस.
तिशीला मी ओठ आवळून बसतो,
जणू श्वास सोडला तर एखादी सांडेल.

फक्त त्या शहराचं जमत नाही.
वेशीतून आत गेलं की अकरा.
भाजीवाले, कोंबड्या, धूर, चारशे खिडक्या
एकदम हात पसरतात.
त्यावर एक युक्ती आहे:
खाली बघत चालायचं.
जमीन स्वस्त पडते. फरशीला काही लागत नाही.
आठ महिने झाले,
त्या राजधानीतली फरशी न् फरशी मला पाठ आहे.
खजिन्याचं दार मी उंबऱ्यावरनं ओळखतो,
पायाखालचा रंग बदलला की बाजार आला.
वर घुमट आहे म्हणे.
इर्शादनं बघितलाय, पुण्यात, मावसभावाच्या मशीनवर.

सोमवारी उद्यमनगर बंद.
बाबांची दुपारी झोप झालेली, रात्री लागेना.
एकेचाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न करतात ते.
त्यांच्या लाकडावरनं वाळूत साचा, साच्यात बीड.
चहाची बशी घेऊन माझ्या मागं उभे राहिले,
गेममधल्या एका झाडाकडं बघत बसले बराच वेळ.
'रंधा मारला नाही याला.'
म्हटलं, मारलेला, मीच काढून टाकलाय.
मशीनला झेपत नाही.
'मग बरोबर आहे,' म्हणाले.
'बीड आटतंय, म्हणून आमची पट्टीच जरा मोठी.
मीटरला दहा मिलिमीटर खोटं बोलायचं,
तेव्हा कुठं खरं माप येतंय.'
बशी संपवली.
'पण हा गडी सारखा खाली काय बघतोय?
काय पडलंय काय त्याचं?'

मी सांगायला लागलो. फ्रेम, रॅम, चारशे खिडक्या.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
मग माझ्या हातावर हात ठेवला,
तर्जनीला पेर नसलेला तो,
आणि माउस पुढं सरकवला.

अकरा. नऊ. सहा.
पंखा किंचाळला.
दमट अल्बमची पानं सोडवावीत
तसं शहर सुटत सुटत वर गेलं:
भिंत. मग काही नाही. मग सज्जा.
मग परत काही नाही.
मग घुमट.
सावली नसलेला, कंगोरे धड नसलेला,
बाबांच्या बाकावर पहिल्या दिवशी असतो तसा ओबडधोबड,
आणि त्याच्यावर एक पक्षी,
उडता उडता थांबलेला.

'हां,' बाबा म्हणाले.

आणि लॅपटॉप गेला.

बाबांनी ताट उचललं, हात झटकले,
मोरीवर नेऊन त्याच्यावर पाणी सोडलं.
आतून तेजश्री:
दादा, माझी असाइनमेंट उघडी होती रे त्याच्यात!